एबी ९१०: लढाईत १४३ वेळा उडालेलं स्पिटफायर आणि त्याला जमिनीवर बसलेले फटके

शेपूटचाक

नमस्कार मंडळी. महायुद्धातल्या विमानांवर इथे आधी बरेच धागे झालेत पण चर्चा शेवटी कोणी किती पाडली, कोणाचा स्पीड जास्त, कोणाची तोफ मोठी यावरच जाते. मला एकाच विमानाबद्दल लिहायचंय. मॉडेलबद्दल नाही, एका नगाबद्दल, ज्याला स्वतःचा नंबर आहे आणि स्वतःचं आयुष्य आहे. ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर, मार्क म्हंजे आवृत्ती ५ बी, नंबर एबी ९१०.

१९४१ साली बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिचच्या कारखान्यात बनलं. स्पिटफायर एकूण २० हजारांच्या वर बनली, त्यातली निम्म्याहून जास्त याच कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे बनलं तेव्हा यात विशेष असं काहीच नव्हतं. मर्लिन ४५ इंजिन, दोन २० मिलिमीटर तोफा, चार मशीनगन. ऑगस्ट १९४१ मध्ये २२२ स्क्वाड्रनला म्हंजे हवाई दलाच्या एका तुकडीला मिळालं, तिथे फार टिकलं नाही, मग १३० स्क्वाड्रनकडे गेलं. तेव्हा फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ या दोन जर्मन युद्धनौका होत्या, त्यांच्यावर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकायला जाणाऱ्या बॉम्बर विमानांना सोबत करायचं काम या स्क्वाड्रनकडे होतं, म्हंजे समुद्र ओलांडून जायचं, सोबत करायची आणि तेवढाच समुद्र परत ओलांडून यायचं, एका इंजिनाच्या भरवशावर.

१९४२ मध्ये ते १३३ ईगल स्क्वाड्रनकडे आलं. ही अमेरिकन स्वयंसेवक पायलट्सची स्क्वाड्रन, अमेरिका युद्धात उतरायच्या आधीच ही पोरं ब्रिटिशांकडे येऊन लढत होती. १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपचा हल्ला झाला, जमिनीवर कॅनडाचे नऊशेहून जास्त सैनिक गेले आणि हवेत आरएएफची म्हंजे ब्रिटिश हवाई दलाची शंभरच्या आसपास विमानं गेली. त्या एका दिवसात एबी ९१० चार वेळा उडालं, चारही वेळा परत आलं आणि त्यातल्या एका फेरीत एक जर्मन डॉर्नियर २१७ बॉम्बर पाडलं.

सप्टेंबरमध्ये ते २४२ स्क्वाड्रनकडे गेलं. ईगलवाल्यांना तोवर नवीन मार्क ९ मिळाली होती, आणि २६ सप्टेंबरला तीच नवी विमानं घेऊन ते फ्रान्सच्या ब्रिटनी भागात मॉर्लेकडे निघाले, वर ढगांवर वाऱ्याचा अंदाज साफ चुकला, आणि बारापैकी एकही विमान धड परत आलं नाही. एबी ९१० जुनं झालं म्हणून मागे राहिलं होतं, एवढंच. पुढे ४१६ आणि ४०२ या कॅनडाच्या स्क्वाड्रन्स, जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत होतं तेव्हा वर गस्त घालणाऱ्यांमध्ये हेही होतं. एकूण १४३ मोहिमा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. या १४३ मोहिमांमधून सुटलेल्या विमानाच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट प्रसंग लढाईतले नाहीतच. ते टॅक्सी करताना म्हंजे जमिनीवर चाकांवर चालवत नेताना, उतरताना आणि उभं असताना आले. त्यातला पहिला इथेच सांगतो.

जुलै १९४४ नंतर एबी ९१० ट्रेनिंग युनिटकडे गेलं, लिंकनशरमधलं हिबल्डस्टो. युद्ध संपत आलेलं, १९४५ साल. तिथे मार्गारेट हॉर्टन नावाची तरुणी मेकॅनिक होती, डब्ल्यूएएएफ म्हंजे हवाई दलाच्या महिला शाखेतली. त्या दिवशी वारा जोरात होता. अशा वाऱ्यात स्पिटफायर रनवेकडे नेताना शेपूट उचललं जाऊन विमान नाकावर पालथं होऊ नये म्हणून एक माणूस शेपटावर बसवायची पद्धत होती. रनवेच्या टोकाला पायलट थांबायचा, माणूस उडी मारून खाली उतरायचा, मग पायलट निघायचा. हॉर्टन बसल्या. विमानात फ्लाइट लेफ्टनंट नील कॉक्स होते. ते थांबले नाहीत.

थ्रॉटल पुढे गेलं, विमान सुटलं आणि ती बाई शेपटावर असतानाच हवेत गेलं. शेपटाच्या उभ्या पंखाला म्हंजे फिनला मिठी मारून, पोटावर आडवं पडून, इंजिनाचा सगळा वारा अंगावर घेत तिने धरून ठेवलं. कॉक्सना कळेना विमान असं का वागतंय, शेपूट जड का लागतंय. खालून ज्यांनी बघितलं त्यांनी पळापळ केली, त्यांना परत उतरायला सांगितलं, त्यांनी एक चक्कर मारली आणि उतरवलं. ती जिवंत होती.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हता. बाकीचे दोन खाली लिहितो, आधी जेवून येतो.

अभ्या_मिरज

बापरे. दादा एक बेसिक प्रश्न, मला विमानातलं काही कळत नाही. एवढं जड विमान, त्याला शेपटावर माणूस कशाला लागतो? अडीच-तीन टनाच्या वस्तूला पन्नास किलोने काय फरक पडणार?

गणिताचे_सर

अभ्या, पडतो. पहार लावून दगड हलवतोस ना, तसंच. पन्नास किलो कुठे ठेवलेत त्यावर सगळं आहे.

स्पिटफायरचं मुख्य वजन म्हंजे इंजिन, ते पुढे. दोन मुख्य चाकं इंजिनाच्या जरा मागे, आणि एक छोटं चाक पार शेवटी शेपटाखाली. म्हंजे विमान चाकांवर तराजूसारखं तोललेलं आहे, मागे थोडंसंच वजन जास्त म्हणून शेपूट खाली बसतं. आता मागून वारा आला आणि शेपटाच्या आडव्या पंखाखाली शिरला, किंवा पायलटने ब्रेक जरा कचकन लावला, की तराजू पुढे कलतो. पुढे कलला की पहिल्यांदा जमिनीला लागतात ती फिरत्या पंख्याची पाती. चाकांपासून शेपूट कित्येक फूट लांब आहे, त्यामुळे तिथे बसलेला पन्नास किलोचा माणूस ओझ्याच्या मानाने कितीतरी जास्त काम करतो.

आणि नेमकं याच कारणाने ती बाई हवेत गेल्यावर परिस्थिती फार भयंकर होती. हवेत विमानाचा गुरुत्वमध्य एका छोट्या पट्ट्यात राहावा लागतो. तो मागे सरकला की विमान नाक वर करायला बघतं, पायलट खाली दाबतो, ते जास्त खाली जातं, परत वर. मार्क ५ ला हा त्रास मुळातच होता, मागे जास्त सामान भरलं की एलिव्हेटर, म्हंजे नाक वर-खाली करणारी शेपटाची हलती पट्टी, नको इतका हलका व्हायचा आणि काही विमानं हवेत तुटलीसुद्धा, म्हणून १९४२ मध्ये एलिव्हेटरच्या कंट्रोलमध्ये मुद्दाम एक वजन घालायला लागलं. अशा विमानाच्या पार टोकाला माणूस. आणि ती जर जरा मागे घसरली असती आणि एलिव्हेटर अडकला असता तर दोघंही गेले असते. कॉक्स यांनी हे विमान उतरवलं याचं मला त्या बाईइतकंच आश्चर्य वाटतं.

सुलक्षणा

पण पायलटला दिसलं कसं नाही मागे? आणि तो थांबला का नाही? मला हे वाचून रागच आला. एक मुलगी तुझ्या विमानावर बसलीये हे विसरतोस कसा?

शेपूटचाक

आलो.

सुलक्षणाताई, राग बरोबर आहे. पण कॉकपिटमधून काय दिसतं आणि त्या वेळी पायलटच्या मागे काय घाई असते ते सांगतो, मग ठरवा.

स्पिटफायर जमिनीवर उभं असतं तेव्हा नाक आकाशाकडे. पायलटच्या समोर लांबलचक इंजिन, पुढचं काही म्हंजे काही दिसत नाही. त्यामुळे सरळ जाताच येत नाही, साप जातो तसं डावीउजवीकडे वळत जायचं, डावीकडे वळलं की उजव्या बाजूने पुढचं बघायचं आणि उलट. मागचं बघायला डोक्यावर छोटा आरसा, तो शत्रू बघायला लावलेला, शेपटाच्या मुळाशी कोण आहे ते दाखवायला नाही.

दुसरं, मर्लिन जमिनीवर फार लवकर तापतं. मार्क ५ चा रेडिएटर उजव्या पंखाखाली आहे आणि चाक खाली असलं की त्याचा पाय नेमका रेडिएटरच्या वाऱ्याच्या वाटेत येतो. हवेत काही प्रॉब्लेम नाही, चाक आत गेलेलं असतं. जमिनीवर मात्र काही मिनिटांत तापमानाचा काटा चढायला लागतो. त्यामुळे प्रत्येक स्पिटफायर पायलट टॅक्सी करताना एक डोळा त्या काट्यावर ठेवून असतो आणि मनात एकच, लवकर निघा.

ब्रेकही पायात नाहीत. स्टिकच्या म्हंजे विमान चालवायच्या दांड्याच्या वरच्या गोल कड्यावर हाताने दाबायची एक पट्टी, हवेच्या दाबावर चालणारी, आणि कोणत्या चाकाला जास्त ब्रेक लागेल ते पायाने दाबायच्या रडरच्या म्हंजे सुकाणूच्या पेडलवरून ठरतं. हाताने ब्रेक, पायाने दिशा, एक डोळा काट्यावर, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. आणि दोन चाकांमधलं अंतर जेमतेम पावणेसहा फूट, पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत ३७ फुटांच्या जवळ. आडव्या वाऱ्यात हे किती डळमळत असेल विचार करा.

हे मी कॉक्स यांची बाजू म्हणून सांगत नाहीये. थांबायला हवं होतं. पण ज्या पद्धतीत माणूस शेपटावर बसवतात आणि तो उतरला का हे पायलटला सांगायला काही पक्की खूणच नसते, त्या पद्धतीत हे कधीतरी होणारच होतं.

निवृत्त_एअरमन

तीस वर्षं आम्ही फायटरच्या फ्लाइट लाइनवर काढली म्हणून लिहितो.

शेपूटचाक, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते अगदी खरं. आमच्याकडे जेट होती, शेपटावर बसायचा प्रश्न नव्हता, पण नियम एकच शिकवला जायचा. जोवर तुझा अंगठा वर झालेला पायलटला दिसत नाही आणि त्याचा अंगठा तुला दिसत नाही तोवर विमान हलणार नाही. चॉक म्हंजे चाकाखालचे अडसर काढले की दोन्ही हातात धरून, दोरीसकट, पायलटला दिसतील असे वर करून दाखवायचे. नवीन पोरांना वाटायचं हे काय पोरखेळ. अहो पण पायलटला चाक दिसतच नाही, त्याने विश्वास कशावर ठेवायचा?

एकदा आमच्या टूल किटमधला एक छोटा स्क्रूड्रायव्हर कमी भरला. विमान तयार, पायलट चढायला आलेला, ऊन असं की हात लावला तर चटका. सगळं थांबवलं. तीन तास पॅनेल उघडून बघितलं, शेवटी तो आमच्याच एका पोराच्या ओव्हरऑलच्या फाटक्या खिशातून अस्तरात गेलेला सापडला. पोरगं रडायला लागलं. आमच्या वॉरंट ऑफिसरनी त्याला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की कमी आहे हे यानेच मोजून सांगितलं, त्याने सांगितलं नसतं तर? मी ते कधी विसरलो नाही.

बाई मेकॅनिक होत्या हे वाचून बरं वाटलं. विमानाच्या गोष्टीत आमचं नाव सहसा येत नाही.

भुसावळ_लोको

काका नमस्कार. आमच्या रेल्वेत अगदी हेच आहे. पॉइंट्समन कपलिंग लावायला दोन डब्यांच्या मधे शिरतो, बाहेर येऊन झेंडी दाखवेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन हलवायचं नाही. मेन लाइनवर शंभरच्या स्पीडने गाडी नेताना जेवढी भीती वाटत नाही तेवढी यार्डात शंटिंग करताना वाटते, माझे वडील ड्रायव्हर होते तेही हेच म्हणायचे. लोकांना वाटतं हळू चाललंय म्हंजे सेफ आहे.

दादा, बाकीचे दोन प्रसंग टाका की.

शेपूटचाक

टाकतो. काका, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचं चीज झालं असं वाटलं.

युद्ध संपल्यावर हजारो स्पिटफायर भंगारात गेली, ज्यांनी ब्रिटन वाचवलं म्हणतात ती ॲल्युमिनियमच्या भावाने वितळवली. एबी ९१० वाचलं कारण १९४७ मध्ये ॲलन व्हीलर नावाच्या हवाई दलाच्याच एका एअर कमोडोरनी ते विकत घेतलं, जी-एआयएसयू असा नागरी नंबर लावला आणि ते शर्यतीत उडवायला लागले. १९५३ च्या किंग्ज कप शर्यतीत ते जोरात आदळून उतरलं आणि चांगलंच डॅमेज झालं. मग ज्यांनी स्पिटफायर बनवली त्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने ते दुरुस्त केलं आणि पुढे जेफ्री क्विल यांनी ते ठिकठिकाणी उडवून दाखवलं. क्विल म्हंजे १९३६ पासून स्पिटफायरची टेस्ट करणारा माणूस, या विमानाला त्यांच्याइतकं जवळून ओळखणारं क्वचितच कोणी असेल. १९६५ मध्ये त्यांनीच ते आरएएफच्या ऐतिहासिक विमानांच्या तुकडीकडे सुपूर्त केलं, जिला आता बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट म्हणतात.

आणि मग ऑगस्ट १९७८. स्वित्झर्लंडमध्ये व्हो परगण्यात बे नावाचं छोटं गाव आहे, रोन नदीच्या खोऱ्यात, तिथल्या छोट्या विमानतळावर हे गेलेलं. तिथे जमिनीवर एका हार्वर्डने याला धडक दिली. शत्रू नाही, तोफ नाही, ढग नाही. दुसरं एक जुनं विमान, ट्रेनर. ज्या हार्वर्डवर महायुद्धातल्या हजारो पोरांनी उडायला शिकून मग स्पिटफायर हातात घेतलं, त्याच जातीचं विमान. नुकसान एवढं झालं की परत उडायला १९८१ उजाडलं. तीन वर्षं. दिएपच्या दिवशी चार फेऱ्या मारून चारही वेळा परत आलेलं विमान हॅन्गरमध्ये तीन वर्षं.

अभ्या_मिरज

तीन वर्षं का पण? पंखा बदलायचा, पत्रा ठोकायचा...

निवृत्त_एअरमन

अभ्या बाळा, इतकं सोपं नसतं ते. फिरता पंखा कशालाही लागला की तो धक्का दांड्यातून थेट इंजिनात जातो. वरून इंजिन चांगलं दिसतं पण आत क्रँकशाफ्टला केसासारखी भेग असू शकते, म्हणून इंजिन पूर्ण उतरवून, उघडून, एकेक भाग तपासावा लागतो. मग विमानाचा सांगाडा. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा म्हंजे एकात एक घातलेल्या नळ्या, तो जरा जरी वाकला तर बाहेरून ठोकून सरळ करता येत नाही. आणि स्पेअर पार्ट दुकानात मिळत नाहीत, कारखाना कधीच बंद झालेला. एकेक भाग ड्रॉइंगवरून नवीन बनवायचा, त्याची टेस्ट, त्याचा कागद. तीन वर्षं म्हंजे लवकर झालं म्हणायचं.

कोकणकडा

लेख चांगला आहे पण मला एक खटकतंय ते बोलतो. आपण हे सगळं इतक्या प्रेमाने लिहितो, पण ही विमानं कोणाच्या पैशाने उडत होती? १३० चं पूर्ण नाव १३० (पंजाब) आहे. तसंच १२२ (बॉम्बे) आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे), दोन्ही स्पिटफायरच्या स्क्वाड्रन्स. इथून देणग्या गेल्या म्हणून नावं दिली. एका स्पिटफायरची देणगी ५००० पौंड धरायचे. आणि १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. माझे आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे युद्धफंडाला नाही म्हणायची सोय नव्हती. मला विमानाबद्दल राग नाही, पण ते नाव बॉम्बे वाचलं की अभिमान वाटायच्या आधी हे आठवतं.

शेपूटचाक

कोकणकडा, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलं. पंजाबचं नाव मी लेखात मुद्दाम गाळलं होतं कारण मग धागा तिकडेच जाईल असं वाटलं, आता वाटतंय गाळायला नको होतं. तुमच्या आजोबांची गोष्ट या विमानाच्या गोष्टीचाच भाग आहे, ब्रेस्टच्या त्या फेऱ्यांमध्ये पंजाबातल्या कोणाकोणाचे रुपये होते हे खरंच आहे.

माझ्याकडे याला उत्तर नाही, फक्त एक जोड देतो. हीच विमानं १९४४ पासून आपल्या हवाई दलाकडे आली, ८ नंबर स्क्वाड्रनला मार्क ८ मिळालं आणि आपली पोरं ती बर्मात जपान्यांवर घेऊन गेली. आणि ७ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरच्या बाहेर शालटेंगला टोळीवाल्यांना मागे रेटलं तेव्हा वर स्पिटफायर होती, स्वतंत्र भारताची. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर, जे पुढे हवाई दलप्रमुख झाले, त्यांना काश्मीरच्या त्याच युद्धातल्या कामाबद्दल महावीर चक्र मिळालं. म्हंजे देणगी कोणाची, साम्राज्य कोणाचं आणि शेवटी कामाला आलं कोणाच्या, हे एका रेषेत बसत नाही.

कोकणकडा

हे पटलं. शालटेंगला स्पिटफायर होती हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

रात्रपाळी

जमिनीवरच्या अपघातावरून आठवलं, समोरच्या बाजूचंही एक आहे. जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ जी-२, नंबर १०६३९, ब्लॅक सिक्स म्हणतात. नोव्हेंबर १९४२ मध्ये लिबियात गाम्बुतच्या धावपट्टीवर ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबर स्क्वाड्रनला सोडून दिलेलं सापडलं. ब्रिटनला नेऊन शत्रूचं विमान कसं आहे ते बघायला उडवलं, मग वर्षानुवर्षं गोडाऊनमध्ये. पुढे रस स्नॅडन नावाच्या हवाई दलातल्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी जवळजवळ १९ वर्षं सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी काम करून ते १९९१ मध्ये परत उडवलं. आणि १२ ऑक्टोबर १९९७ ला, इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या विमानतळावर, ज्या सीझननंतर त्याला कायमचं बसवायचं ठरलेलं त्याच सीझनच्या शेवटी, इंजिनात गडबड वाटली म्हणून पायलट घाईने उतरवायला आला, उंची जास्त राहिली, रनवे संपला, पुढे एम ११ मोटरवे. गाड्यांवरून कसंबसं उचलून पलीकडच्या नांगरलेल्या शेतात टाकलं आणि ते पालथं झालं. पायलटला काही झालं नाही. आता दुरुस्त होऊन आरएएफ म्युझियममध्ये आहे, परत उडणार नाही.

त्या १९ वर्षं काम केलेल्या लोकांचं त्या संध्याकाळी काय झालं असेल हा विचार मला अजून सोडत नाही.

सुलक्षणा

हे वाचून पोटात खड्डा पडला. पण मग प्रश्न पडतो, असं असेल तर उडवायचंच कशाला? काचेत ठेवा ना. आपल्या पालमच्या म्युझियममध्ये स्पिटफायर आहे, मुलांना नेलं होतं मी, छान बघता येतं.

मीनल_लेस्टर

मी लेस्टरला असते, कॉनिंग्जबीला, म्हंजे बॅटल ऑफ ब्रिटन फ्लाइटच्या तळावर, दोनदा गेलेय, एबी ९१० तिथेच असतं, हॅन्गरची टूर असते. सुलक्षणाताई, तुमचा प्रश्न तिथे दर वेळी कोणीतरी विचारतं. मे २०२४ मध्ये याच फ्लाइटची एक स्पिटफायर तिथेच पडली आणि पायलट गेले, त्यानंतर सगळी विमानं काही काळ जमिनीवर ठेवली होती. त्या वर्षी मी गेले तेव्हा हॅन्गरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

याच फ्लाइटच्या एका हरिकेनला १९९१ मध्ये उतरताना अपघात होऊन आग लागली होती. तिच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करायला त्यांनी आपल्या ताफ्यातली एक स्पिटफायर विकली. म्हंजे एकीला वाचवायला दुसरी दिली. मला आधी विचित्र वाटलं, पण हॅन्गरमध्ये काम करणाऱ्या लोकांना बघितल्यावर कळलं. ते विमानाखाली ट्रे ठेवतात, ठिबकणारं तेल मोजतात, काल किती आणि आज किती. म्युझियममधलं विमान ठिबकत नाही.

माझं मत म्हणाल तर, मी बाहेर कुंपणाशी उभी होते, इंजिन सुरू झालं आणि माझ्या शेजारच्या नव्वदीच्या आजी एकदम गप्प झाल्या. काचेतल्या विमानाने ते झालं नसतं. पण पायलट गेले हेही तितकंच खरं आहे, म्हणून मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

गणिताचे_सर

अजून एक मुद्दा. १९५३ ची दुरुस्ती, १९७८ ची दुरुस्ती, मधली सगळी ओव्हरहॉल. दिएपला गेलेल्या विमानातलं आज किती उरलं असेल? आमच्या गावच्या वाड्याचं असंच झालं, तुळया बदलल्या, कौलं बदलली, जोतं तेवढं जुनं.

निवृत्त_एअरमन

सर, तुमच्या वाड्यात तुमची आजी कुठल्या खांबाला टेकून बसायची ते तुम्हाला माहीत असेल ना? विमानाचंही तसंच असतं. लॉगबुकात प्रत्येक बदललेला भाग लिहिलेला असतो, कोणी काढला, कोणी बसवला, कोणी तपासला, सही. पत्रा बदलतो, सह्यांची साखळी तुटत नाही. आमच्या लेखी ती साखळी म्हंजेच विमान.

भुसावळ_लोको

काका _/\_

अभ्या_मिरज

मी पुढच्या वर्षी कामासाठी इंग्लंडला जातोय, बर्मिंगहॅमला. मीनलताई, कॉनिंग्जबी तिथून जमेल का एका दिवसात? आणि दादा, हॅन्गरमध्ये गेलो तर नक्की काय बघू? मला तर सगळी सारखीच दिसतील.

मीनल_लेस्टर

जमेल, पण सकाळी लवकर निघ आणि टूर आधी बुक कर. उन्हाळ्यात शोला गेलेली असतात विमानं, त्यामुळे हॅन्गर रिकामं मिळू शकतं. हिवाळ्यात आलास तर सगळी घरी असतात, उघडी करून ठेवलेली, जास्त मजा येते. निघायच्या आधी मेसेज कर, मी पण येईन.

शेपूटचाक

अभ्या, पहिल्यांदा शेपटावर नंबर बघ, एबी ९१०. मग उजव्या पंखाखाली वाक, रेडिएटर आणि चाकाचा पाय किती जवळ आहेत ते दिसेल. मग दोन चाकांच्या मधे किती जागा आहे ते बघ, वरचे पंख बघ.

आणि शेवटी मागे जा. फिनच्या पुढे, जिथे आडवा पंख शरीराला मिळतो, तिथे जरा उभा राहा. धरायला तिथे काहीच नाहीये, ना कडी ना कठडा, नुसता गुळगुळीत पत्रा. हॉर्टनबाई तिथे होत्या.

सुलक्षणा

अभ्या, तिथला फोटो टाक इथे. त्या जागेचा.

अभ्या_मिरज

टाकतो ताई. नक्की.